पोर्ट ५८७ आणि आमचे दिवाणजी

"ब्राउझरमध्ये वरती कुलपाचं चित्र दिसतंय ना, मग कुणाला काय कळतंय" असं म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. त्यांचं अर्धं बरोबर असतं, त्यामुळे धड वादही घालता येत नाही. आत काय लिहिलंय ते नाही कळत. पण मार्केट यार्डाच्या वजनकाट्यावर बसलेला माणूस बघा, तो कधी पोतं फोडून बघत नाही, तरी त्याला गाडी कुणाची, आली किती वाजता, भरून गेली की रिकामी, किती वजनाची, आणि रोज येणारी आज का आली नाही हे सगळं माहिती असतं. नेटवर्कचं ट्रॅफिक बघणं म्हणजे एवढंच काम. कॉम्प्युटर कुठल्याही साइटशी बोलायला गेला की आधी डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची डिरेक्टरी) पत्ता विचारतो, मग जोडणी करतो, आणि कुलूप लागायच्या आधीच्या पहिल्या निरोपात बहुतेक वेळा समोरच्या साइटचं नाव उघड्यावरच सांगतो. हे दोन्ही झाकायच्या सोयी आता आल्यात, पण सांगलीतल्या दुकानांमधल्या पीसीवर त्या मुद्दाम कुणी चालू केलेल्या मी तरी बघितल्या नाहीत.

माझा धंदा तसा साधा आहे, दुकानांना कॉम्प्युटर, कॅमेरे, वायरिंग, राऊटर करून देणं. वायरशार्कचा, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं येणारं सगळं पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, नाद मात्र जुना. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जेराल्ड कोम्ब्स नावाच्या माणसाने १९९८ मध्ये इथरियल या नावाने काढलेलं, तेव्हा तो अमेरिकेत एका छोट्या इंटरनेट कंपनीत होता, पुढे २००६ ला नोकरी बदलल्यावर जुन्या नावाचा ट्रेडमार्क बरोबर नेता येईना म्हणून नाव बदललं. लोकांना रात्री क्रिकेटच्या हायलाइट्स लागतात तसं मला असं पकडून ठेवलेल्या ट्रॅफिकच्या, म्हणजे कॅप्चर फाइली लागतात. ब्रॅड डंकन म्हणून एक अमेरिकन माणूस २०१३ पासून खऱ्या इन्फेक्शनच्या फाइली सरावासाठी लोकांपुढे ठेवतोय, त्यातल्या सोडवत बसतो. कुठल्या मशीनला लागण झाली, तिचा कारखान्यातूनच पडलेला नंबर म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस काय, युजर कोण, पहिली फाइल कुठून उतरली, अशी उत्तरं शोधायची. या जगात व्हायरसचा नमुना झिप करून द्यायचा असेल तर पासवर्ड 'इन्फेक्टेड' ठेवायची जुनी रीत आहे, हे कळलं तेव्हा मला उगाच आपण आता त्यांच्या पंगतीत बसल्यासारखं वाटलं होतं.

पण सरावाच्या फाइलीत एक गोष्ट नसते. चोर आहे हे तिथे आधीच माहिती असतं. खऱ्या ऑफिसात तसं काही नाही, तिथे गर्दी असते आणि त्या गर्दीत रोजचं काय आणि वेगळं काय हे फाइल सांगत नाही, ते ऑफिस सांगतं. मला या लेखात खरं म्हणजे एवढंच सांगायचंय पण ते नुसतं सांगून कुणाला पटत नाही म्हणून आमच्या ओळखीतल्या एका अडत दुकानाची गोष्ट लिहितोय. नावं, थोडे तपशील बदललेत. आणि तिथले हिशोब बघणारे दिवाणजी, त्यांना विचारून लिहितोय, ते म्हणाले लिहा, पण माझं नाव नको.

हळदीचं दुकान. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा पेपरात मोठमोठे फोटो आले होते, पण दुकानाच्या ऑफिसात त्याने काय फरक पडलेला दिसला नाही, तीच गादी, तेच कॅलेंडर, मागे राजापुरी हळदीची थप्पी आणि सगळ्यावर पिवळी धूळ. कीबोर्डच्या फटीत हळद, सीपीयूच्या पंख्यात हळद. चार-पाच पीसी, एक प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, आणि कोपऱ्यात लटकणारा राऊटर. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही. काकांचा फोन आला तो एका मेलवरून. अहमदाबादच्या एका मसालेवाल्याला यांच्याच मेल आयडीवरून यांचंच बिल गेलं होतं, माल तोच, रक्कम तीच, फक्त खालचा बँकेचा खातेनंबर वेगळा. त्याने पैसे सोडायच्या आधी फोन करून विचारलं म्हणून वाचलं. काकांचं म्हणणं एकच, "आपल्या हितनं कुणी केलं ते बघ." म्हणजे संशय माणसांवर. सगळ्यांच्या डोक्यात आधी माणूसच येतो. असले उद्योग बँकांमध्ये होतात, २०१८ ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून मालवेअर घालून ९४ कोटी काढले होते, ते लोकांना आठवतं, पण आपल्या पट्ट्या आणि बिलं करायच्या पीसीत कुणाला काय रस असणार असं त्यांना वाटतं.

पीसी उघडून बसलो असतो तर लवकर झालं असतं कदाचित, पण कुठला पीसी हेच माहिती नव्हतं, आणि अँटीव्हायरस सगळीकडे हिरवी टिक दाखवत होता. म्हणून मी माझा एक मॅनेज्ड स्विच नेला, राऊटर आणि त्यांच्या स्विचच्या मध्ये बसवला, पोर्ट मिररिंग चालू केलं आणि त्या पोर्टला लॅपटॉप. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पुडक्याची, एक कॉपी लॅपटॉपला. राऊटरच्या आतल्या बाजूलाच बसवावं लागतं हे, बाहेरच्या बाजूला सगळ्या पीसींचा मिळून एकच पत्ता होतो आणि मग कोण बोलतंय ते कळायची सोय राहत नाही. सगळ्यांचे फोन वायफायवर होते, ते राऊटरला थेट चिकटलेले, त्यामुळे ते माझ्या कॉपीत आलेच नाहीत आणि बरंच झालं. दुकान उघडायच्या आधी चालू केलं, कारण पीसी बूट होतानाचं बघायचं होतं, आणि दुकान बंद होईपर्यंत चालू ठेवलं. काकांना सांगून, त्यांची लेखी परवानगी घेऊन. हमालांपैकी एकाने विचारलं हे काय, तर दिवाणजीच म्हणाले, "नेट फास्ट करालेत."

रात्री घरी फाइल उघडली. पहिल्यांदा सगळं कळपासारखं अंगावर येतं, लाखो ओळी, त्यामुळे ओळी वाचायच्याच नाहीत, आधी कोण कोणाशी किती बोललं त्याचा तक्ता काढायचा. तक्त्यात सगळ्यात वर डीव्हीआर, आणि माझ्या जागी नवशिका असता तर तिथेच थांबला असता, कारण तो डबा दिवसभर चीनमधल्या कुठल्या कुठल्या पत्त्यांशी बोलत होता. पण ते मोबाईलवर कॅमेरा दिसावा म्हणून असतं. (पासवर्ड अजून कंपनीचा होता तोच होता हा भाग निराळा, तो बदलून आलो.) मग विंडोज अपडेट, टॅलीची लायसन्सची विचारपूस, प्रिंटरचा 'मी आहे, मी आहे' असा घोष, घड्याळ जुळवणं. कुठला पत्ता कुठल्या पीसीचा ते डीएचसीपीत (पीसी राऊटरकडून पत्ता मागून घेतो ते बोलणं) मशीनचं नाव येतं त्यावरून लावलं, मॅक अ‍ॅड्रेसच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते, तेवढ्यावर कुठलं डबडं कुठल्या टेबलावरचं हे जुळतं.

आणि मग माणसं दिसायला लागतात. हे मला दरवेळी विलक्षण वाटतं. सकाळी एक जण आधी देवाची गाणी लावतो, मग बँक उघडतो. एक पीसी सौद्याच्या वेळेला पूर्ण गप्प, कारण माणूसच बाहेर ढिगापाशी उभा. त्याच वेळी काकांचा पोरगा एनसीडीईएक्सवर (शेतमालाच्या वायद्यांचा बाजार) हळदीचा वायदा बघतोय, तेही धड नाही, लागोपाठ रिफ्रेश, मग बराच वेळ काहीच नाही, मग परत धडाधड, म्हणजे बाहेर बोली अडकली असणार. जेवणाच्या वेळी क्रिकेट. दुपारनंतर पट्ट्या आणि बिलं, जीएसटीची साइट, ती लटकते तेव्हा माणूस किती चिडून बटण दाबतो तेसुद्धा पॅकेटमध्ये दिसतं. माणसाच्या वागण्यात ताल नसतो. तो विसरतो, कंटाळतो, चहाला जातो, मध्येच कोणतरी शेतकरी येऊन उचल मागतो आणि उघडलेलं पान तसंच राहतं. हा बेतालपणा दिसला की मी निर्धास्त होतो.

एका पीसीवर ताल होता.

सकाळी बूट झाल्यावर थोड्या वेळाने त्याने एका साइटला विचारलं की बाहेरून माझा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काय दिसतो. असल्या साइटी चांगल्या कामालाही वापरतात, गुन्हा नाही, पण हळदीच्या पट्ट्या करणाऱ्या माणसाला आपला पब्लिक आयपी कशाला पाहिजे? त्याच्या मागोमाग एका अनोळखी मेल सर्व्हरचा पत्ता विचारला आणि पोर्ट ५८७ वर जोडणी. ५८७ म्हणजे मेल पाठवायचं दार, आउटलुकसारखं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ऑफिसात दिवसभर दिसेल, कोण ढुंकूनही बघणार नाही. पण या दुकानात मेल सगळे ब्राउझरमध्ये बघतात, जीमेलवर. मी स्वतः बसवलेले पीसी ते, एकावरही आउटलुक नाही. म्हणजे ५८७ या दुकानात दिसायलाच नको. कुठल्याही यादीत हा नियम सापडणार नाही, तो फक्त त्या एका दुकानाचा नियम आहे. आणि ही जोडणी दिवसभर ठरलेल्या अंतराने होत होती. सौद्याच्या वेळी खुर्ची रिकामी, तरी होत होती, जेवायला सगळे उठले तरी होत होती. हमालांची सुट्टी होते, चोराच्या प्रोग्रामला सुट्टी नाही, तिथेच तो उघडा पडतो.

त्या संवादाला कुलूपच नव्हतं. असं प्रत्येक वेळी नशीब नसतं, पण या जातीच्या मालवेअरमध्ये हे बऱ्याचदा सापडतं. वायरशार्कमध्ये अख्खा संवाद एका खिडकीत वाचता येतो. समोरच्या सर्व्हरने दार उघडताना पहिलं काय सांगावं, तर इथून नको असलेल्या घाऊक मेल पाठवायला आमची परवानगी नाही. शेअर्ड होस्टिंगवर ही पाटी ठरलेली असते, तिच्यातच सर्व्हरचं घड्याळ पण दिसतं, त्यावरून तो आपल्यापासून किती तास मागे ते कळलं. मग आमच्या पीसीने नमस्कार करताना स्वतःचं खरं मशीननेम सांगितलं, ही पण गंमत, चोरी करताना पण नाव सांगून आत जायचं. मग लॉगिन, बेस६४ मध्ये, जे गुपित वगैरे काही नसतं, नुसतं दुसऱ्या अक्षरांत लिहिणं असतं, एका क्लिकवर उलटं होतं. आणि मेलचा विषय, इंग्रजी पी आणि डब्ल्यू, पुढे युजरचं नाव, तिरकी रेघ, मशीनचं नाव.

ते बघितलं आणि खुर्चीत सरळ झालो, कारण ही सही सरावाच्या फाइलींमध्ये कितीदा तरी बघितली होती. एजंट टेस्ला. गाडीवाल्या कंपनीशी संबंध नाही. २०१४ पासून फिरणारा, पासवर्ड चोरणारा आणि कीबोर्डवर पाळत ठेवणारा प्रोग्राम, एकेकाळी चक्क सबस्क्रिप्शनवर विकला जायचा. विषयात पीडब्ल्यू असेल तर पासवर्ड, केएल म्हणजे कीबोर्डवर काय काय टाइप झालं ते, एससी म्हणजे स्क्रीनशॉट. सकाळी चालू झाला की ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले सगळे पासवर्ड गोळा करून एक मेल, मग दिवसभर बाकीच्या.

आता इथून पुढचं लिहायला जरा जड जातंय. ती मेल म्हणजे एक यादी होती. साइट, युजरनेम, पासवर्ड, परत साइट, युजरनेम, पासवर्ड. पीसी दिवाणजींचा. मी त्यांना लहानपणापासून बघतोय, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पट्टीचा हिशोब तोंडी करणारे. आणि तिथे त्यांचं अख्खं घर एकाखाली एक मांडलेलं. वीजबिल, एलआयसी, रेल्वेचं तिकीट, मुलीचा एमपीएससीचा फॉर्म, लग्न जुळवायच्या साइटवर मुलाचं खातं, पासवर्ड बहुतेक ठिकाणी एकच, घरातल्याच कुणाचं तरी नाव आणि पुढे साल. शेवटाकडे एक साइट अशी होती की ती काकांनी बघितली असती तर त्यांना वाईट वाटलं असतं. तिचं नाव मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आताही लिहीत नाही. स्क्रीनशॉट मेलला जोडलेले असतात, ते वेगळे काढता येतात, पहिला उघडला तर टॅलीचं व्हाउचर, दुसऱ्यात व्हॉट्सअ‍ॅप वेब दिसलं आणि मी बंद केला. तपासाला एक पुरेसा होता. अशा वेळी चोराने बघितलंय तर आपण बघितलं म्हणून काय झालं असा विचार मनात येतोच, मला तो फार घाण विचार वाटतो.

त्या लॉगिनमुळे चोराच्या मेलबॉक्सचा पासवर्ड माझ्यासमोर होता. शिरून बघावं, आमच्यासारखे किती आहेत ते कळेल, जमलं तर सगळं डिलीट मारावं. मित्राला फोन केला तर तोही म्हणाला, "मार की मर्दा, बघतोस काय." नाही मारलं. आयटी अ‍ॅक्ट २००० चा कायदा मालक चोर आहे की साव ते विचारत नाही, परवानगीशिवाय शिरलं की शिरलं. आणि दुसरं कारण जास्त मोठं, असले मेलबॉक्स बऱ्याचदा चोराचे नसतातच. तेही कुठल्यातरी लहान कंपनीचे, आधी चोरलेले. डोमेन बघितलं तर खरंच परदेशातली कसलीतरी पंप विकणारी छोटी कंपनी निघाली, साइटवर कामगारांचे फोटो, बिचाऱ्यांना पत्ताच नसणार. होस्टिंगवाल्यांच्या तक्रारीच्या पत्त्यावर सगळं लिहून पाठवलं, वेळा त्यांच्या घड्याळाप्रमाणे करून, कारण आपले साडेपाच तास धरून पाठवलं तर त्यांच्या लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) काही सापडत नाही. छापील उत्तर आलं, तक्रार मिळाली म्हणून.

दुसऱ्या दिवशी काकांना सांगायच्या आधी दिवाणजींना चहाला बाहेर नेलं. आधी त्यांना कळायला हवं होतं. ते ऐकत राहिले आणि मग एकदम म्हणाले, "आवं पीओ म्हणून आलंवतं. गिऱ्हाइकाची ऑर्डर न्हाई उघडायची तर काय उघडायचं?" याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. आलं होतं ते झिपसारख्या रार फाइलमध्ये, आत पीडीएफचं चित्र लावलेली एक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्राम, आणि विंडोज मूळचाच शेवटची तीन अक्षरं लपवून ठेवतो. अनोळखी मेल उघडू नका असं सांगणाऱ्यांना अनोळखी मेलवरच ज्याचा धंदा चालतो तो माणूस माहितीच नसतो. अँटीव्हायरस गप्प का, तर हे प्रोग्राम दरवेळी नवीन वेष्टनात गुंडाळून पाठवतात, फाइलीचा हॅश, म्हणजे तिचा बोटाचा ठसा, बदलतो, जुन्या यादीत बसत नाही.

काकांना मी सांगितलं, पीसी कुठला, कधी, कशातून आलं, काय गेलं. यादी नाही दाखवली. ते म्हणाले, "म्हंजे दिवाणजीनं केलं म्हण की." मी म्हटलं, काका, तुमच्या टेबलावर तो पीसी असता तर तुम्ही पण उघडली असती, तुम्ही तर जास्त घाईने उघडली असती. पोरगा हसला, काका नाही हसले, पण विषय तिथे मिटला.

बाकीचं झटपट. पीसीची वायर काढली, डिस्कची कॉपी घेतली, मग विंडोज कोरं टाकलं. पासवर्ड सगळे दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदलले (त्याच पीसीवर बसून बदलले तर नवे पासवर्ड पण पुढच्या मेलने जातात, हे लोक हमखास करतात), टू स्टेप चालू केलं, दिवाणजींच्या मोबाईलवर त्यांच्या घरचेही करून दिले. सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवली, पैसे गेले असते तर आधी १९३० ला फोन. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असली घटना सर्ट-इनला (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. यार्डात हे कुणाला विचारून बघा. त्या राऊटरमध्ये लॉग म्हणजे वीज जाईपर्यंतचं. फाइलीतून फक्त त्या एका पीसीचं आणि त्या सर्व्हरचं बोलणं वेगळं काढून ठेवलं, बाकी लोकांचा दिवस पुसून टाकला.

एक गोष्ट मात्र कॅप्चरमध्ये नव्हती, असणारच नव्हती. बिल जे गेलं ते दुकानातून गेलंच नव्हतं. पासवर्ड चोरून कोणीतरी कुठूनतरी काकांच्या जीमेलमध्ये बसून पाठवलं, ते आमच्या वायरीवर कशाला येईल. त्यामुळे शेवटी जीमेलची सेटिंग उघडली, आणि तिथे एक फिल्टर बसवलेला सापडला, अहमदाबादच्या पत्त्यावरून काहीही आलं की इनबॉक्समध्ये न दाखवता थेट अर्काइव्हमध्ये टाकायचं. म्हणजे काकांना दिसू नये. अर्काइव्हमध्ये त्या दोघांचा अख्खा संवाद पडला होता, मसालेवाला विचारतोय खाता क्यूं बदला, आणि आपले काका म्हणून कोणीतरी उत्तर देतोय, डिअर सर, काइंडली, ऑडिटच्या कारणास्तव, अ‍ॅट युअर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स. स्पेलिंग एकही चुकलेलं नाही. मी काकांच्या जुन्या मेली बघितल्या, सगळ्या कॅपिटलमध्ये, हिंदी इंग्रजी अक्षरांत, 'भाई पेमेंट कब', पूर्णविराम नाही, काहीच नाही.

मी अहमदाबादला फोन लावला, विचारलं तुम्हाला शंका कशावरून आली, खातेनंबरवरून का? तो म्हणाला, "खाता तो सब बदलते हैं जी. सेठजी ने पच्चीस साल में कभी काइंडली नहीं लिखा."